वसईचे संत गोन्सालो गार्सिया : फादर झाले नाहीत, पण सेवा सोडली नाही

आटगाव : वसई 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. तिथल्या या माणसाची गोष्ट शहापूर-मुरबाडकरांनीही वाचावी अशी आहे.

गोन्सालोंचा जन्म 1557 च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेजुइट फादरांच्या हाताखाली ते शिकले. पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्यासोबत जपानला गेले, तिथली भाषा पटकन शिकले आणि लोकांना धर्म समजावू लागले. आपल्यालाही संघात घ्यावं, अशी विनंती त्यांनी केली, पण काही घेतलं नाही. मग व्यापारात पडले. धंदा चांगला चालला, तरी मन रमेना. शेवटी मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात ते साधे ब्रदर झाले. ब्रदरला मिस्सा अर्पण करता येत नाही, पडेल ते काम करायचं असतं.

1593 मध्ये दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला आले. क्योटोत या संघाने कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना चालवला. पुढे राज्यकर्ता हिदेयोशी बिथरला. 26 जणांना पकडलं, त्यातल्या बहुतेकांचे कान कापले आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत नेलं. त्यात बरेचसे चर्चचे साधे जपानी भाविक होते, लहान मुलंही होती. 5 फेब्रुवारी 1597 रोजी सगळ्यांना क्रुसावर मारलं.

1862 मध्ये गोन्सालोंना संतपद मिळालं. वसईतल्या गासच्या चर्चला त्यांचंच नाव आहे. धर्मग्राम एकट्या फादरांवर चालत नाही. आजाऱ्याची विचारपूस करणारा, मुलांना शिकवणारा साधा माणूसही येशूचा शिष्यच, हे गोन्सालोंनी जगून दाखवलं.