दुष्काळात आणि प्लेगात सावित्रीमाई

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचे नाव उच्चारताच आपणांस भिडेवाड्यातील मुलींची शाळा आठवते. शाळेच्या वाटेवर त्यांनी अंगावर झेललेले शेण आणि दगड आठवतात. या थोर शिक्षिकेने देह ठेवला तो मात्र साथीच्या रोग्यांची शुश्रूषा करताना. दुष्काळ किंवा रोगराई आली की शासन काय करते आणि समाजाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धात सापडते. निवासी शाळेच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र त्या अंगाने मांडणे आम्हांस उचित वाटते.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे त्यांचा जन्म झाला. १८४० साली जोतीराव फुले यांच्याशी विवाह झाला आणि पतीच्या हाताखालीच त्या लिहावाचावयास शिकल्या. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडली. १८६३ साली फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी या दांपत्याने आपल्या घराचे दार मोकळे केले. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्यांनी त्याचे नाव यशवंत ठेवले. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि तीनच वर्षांत त्याची कसोटी पाहणारा काळ आला.

१८७६ सालचा पाऊस गेला आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन दिल्लीत व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरवीत होते, तेव्हा इकडे गावेच्या गावे घरदार सोडून निघाली होती. सरकारने दुष्काळी कामे काढली. पण खर्च वाचविण्याच्या धोरणाने सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोहूनही खाली आणले. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला तेवढ्यावर जगता येते, असा सरकारी हिशेब होता. मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्याविरुद्ध काम सोडले. या महादुष्काळात देशभर पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली.

त्या दिवसांत सावित्रीमाई जुन्नर भागात ओतूर येथे होत्या. सत्यशोधक कार्यकर्ते उपाशी लोकांना धान्य वाटत होते. सावकारीच्या जाचाने प्रदेश आधीच धुमसत होता. त्यातच सुमारे पन्नास कार्यकर्त्यांना पोलिसांनी पकडले. सावित्रीमाई स्वतः कलेक्टरास भेटल्या. त्यांनी आपल्या माणसांची सुटका करविलीच. शिवाय साहेबाने ज्वारीच्या चार गाड्या पाठविल्या. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. समाजाने अन्नछत्र घातले म्हणून सरकार जबाबदारीतून सुटत नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले. मे महिन्यात धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून निराधार मुलांच्या जेवणाची सोय करण्यात आली व त्यासाठी जोतीरावांनी मदतीचे आवाहन केले. पुढे सरकारने दुष्काळ आयोग नेमला व त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. पण तोवर मेलेले मेले होते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे महानिर्वाण झाले. उत्तराधिकाराचा वाद उभा राहताच सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि चितेला अग्नी दिला. १८९३ साली सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले.

१८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला व लवकरच पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. रोग्यांना वेगळे काढण्याचे, घरे तपासण्याचे अमर्याद अधिकार अधिकाऱ्यांना मिळाले. मार्चमध्ये पुण्यात सैनिकांच्या तुकड्यांनी घरझडत्या सुरू केल्या. लोक रोगाइतकेच सरकारी माणसांना भिऊ लागले आणि आजारी माणसे घरात लपवू लागले.

सावित्रीमाईंचा मार्ग निराळा होता. डॉक्टर झालेल्या यशवंतास त्यांनी बोलावून घेतले आणि हडपसरजवळ सासाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला. रोग्यांना तेथे आणण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या त्या माऊलीने त्याला पाठीवर घेतले आणि दवाखाना गाठला. ज्या मुलाची सावलीही गाव टाळीत होते, त्याच्या तापाने तापलेले अंग त्यांच्या पाठीला टेकले होते. तोच संसर्ग त्यांना झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

पुण्याची ही कथा नागभीडला परकी नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात आपला चांदा जिल्हा होरपळला होता. धानाचे पीक गेले की या जंगलपट्टीतील भूमिहीनाच्या घरी चूल पेटत नसे. आणि २०२० साल तर आपण सर्वांनी पाहिले. मिरची तोडावयास तेलंगणात गेलेली आपली माणसे टाळेबंदीत तेथेच अडकली. कित्येकांनी डोक्यावर गाठोडे घेऊन पायी गाव गाठले. शाळा आणि वसतिगृहे बंद झाली. ज्यांच्या घरी मोबाईल नव्हता, त्या मुलांपर्यंत शिक्षण पोहोचले नाही, आणि वसतिगृहातील दोन वेळचे ताटही सुटले. आम्ही शिक्षक त्या वेळी आदेशांची वाट पाहत बसलो, ही खंत आजही मनात आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एक विनंती आहे. आपल्या गावच्या विहारात एक वही ठेवावी. कोणते कुटुंब कामासाठी कोठे गेले, कोणाच्या घरी म्हातारी माणसे एकटी आहेत, कोणाचे मूल वसतिगृहात आहे, याची नोंद त्यात असावी. संकट आले की पहिल्या दिवशी त्या घरी जावे आणि दुसऱ्या दिवशी तीच वही घेऊन तहसील कार्यालयात उभे राहावे. सावित्रीमाईंनी ओतूरला आणि मुंढव्याला हेच केले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जोतीरावांना गुरू मानले. त्या परंपरेचे आपण विद्यार्थी आहोत. माईंच्या जयंतीला हार घालताना वहीचे शेवटचे पान कधी लिहिले गेले, हेही एकदा पाहावे.

जयभीम!