मुसव्विर जंग राजा दीनदयाळ

विद्यार्थी मित्रांनो, ईदच्या दिवशी, घरच्या लग्नात किंवा शाळेच्या सहलीत तुम्ही कधी ना कधी फोटो काढला असेलच. मोबाइल हातात घेतला, बोटाने खूण दाबली की झाला फोटो! आवडला नाही तर तो पुसून टाकायचा आणि दुसरा काढायचा. तुमच्यापैकी काही जणांना फोटो काढण्याची गोडीही लागली असेल. अशा मुलामुलींच्या मनात पहिला प्रश्न येतो तो कॅमेऱ्याचा. कोणता कॅमेरा घ्यावा? किती किमतीचा घ्यावा? महाग कॅमेरा मिळाला तर आपले फोटोही चांगले येतील, असे पुष्कळांना वाटते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण सुमारे दीडशे वर्षे मागे जाऊ या. त्या काळी एका सरकारी नोकराने वयाच्या तिशीत कॅमेरा हाती घेतला. पुढे हैदराबादच्या निजामांनी त्यांना 'राजा बहादुर मुसव्विर जंग' हा किताब दिला. 'मुसव्विर' म्हणजे चित्रकार, हे तुम्हांला सांगायला नकोच. या मुसव्विराचे नाव होते लाला दीनदयाळ.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना या गावी झाला. त्यांचे घराणे जैन जवाहिऱ्यांचे होते. हिरे-माणकांचा व्यवसाय सोडून दीनदयाळ शिकायला रुडकीला गेले. तेथील थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालय त्या काळी प्रसिद्ध होते. आज तेथे आय.आय.टी. ही मोठी संस्था आहे. या महाविद्यालयात त्यांनी मोजमापे घेणे, इमारतींचे नकाशे काढणे, खर्चाचा अंदाज करणे या गोष्टींचे शिक्षण घेतले. १८६६ साली त्यांना इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी मिळाली. तेथे अंदाजपत्रके तयार करणे आणि नकाशे काढणे हे त्यांचे काम होते.

तुम्ही म्हणाल, यात फोटोचा संबंध कुठे आला? थोडे थांबा. नकाशा काढणारा माणूस इमारतीकडे आपल्यासारखा पाहत नाही. कमान किती उंच आहे, खांब सरळ आहे की कललेला, भिंतीची रेघ कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे त्याला नेमके पाहावे लागते. दीनदयाळ यांनी हे काम अनेक वर्षे केले. म्हणजे कॅमेरा हातात येण्याआधीच त्यांची नजर तयार झाली होती. हे शिक्षण कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

सुमारे १८७४ साली दीनदयाळ छायाचित्रणाकडे वळले. नोकरी चालूच होती. इंदूर ही होळकरांची राजधानी. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना उत्तेजन दिले. सर हेन्री डॅली या इंग्रज अधिकाऱ्यानेही त्यांना प्रोत्साहन दिले. परंतु प्रोत्साहन मिळाले म्हणून काम सोपे झाले नाही. त्या काळी एक छायाचित्र काढणे म्हणजे केवढा खटाटोप असे, ते पाहा.

तेव्हा फिल्म नव्हती. चित्र काचेवर घ्यावे लागे. प्रथम काच स्वच्छ पुसायची. तिच्यावर कलोडियन नावाचा चिकट द्रव सगळीकडे सारखा पसरायचा. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. काच ओली असतानाच ती कॅमेऱ्यात बसवायची. भिंगावरचे झाकण काढायचे, मनात सेकंद मोजायचे आणि झाकण पुन्हा लावायचे. नंतर लगेच अंधाऱ्या तंबूत जाऊन काचेवर रसायन ओतायचे आणि चित्र उमटवायचे. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत व्हायला हवे. काच वाळली की सगळी मेहनत वाया! आपल्या देशातल्या उन्हाळ्यात काच वाळायला कितीसा वेळ लागणार?

एवढे करून जे मिळे, ते उलटे चित्र असे. उजेडाच्या जागी काळे आणि सावलीच्या जागी पांढरे. ही काच अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर ठेवायची आणि दोन्ही उन्हात ठेवायची. तेव्हा कुठे कागदावर खरे चित्र तयार होई.

आता सामानाची निवड कशी करावी लागे, तेही पाहा. लहान चित्र मोठे करून छापणे तेव्हा फार कठीण होते. जेवढी काच, तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे असेल तर काच मोठी हवी आणि काच मोठी म्हणजे कॅमेराही मोठा. लहान कॅमेरा उचलायला हलका, पण त्यात देवळाची कोरीव नक्षी बारकाईने येत नसे. मोठ्या कॅमेऱ्यात नक्षी येई, पण तो जड. त्याच्याबरोबर तिपाई, काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, तंबू आणि पाणी हे सारे न्यावे लागे. म्हणून छायाचित्रकाराला आधी ठरवावे लागे, की आपल्याला कशाचे चित्र घ्यायचे आहे. कॅमेऱ्याची निवड त्यानंतर. दीनदयाळ यांना जुन्या इमारती त्यांच्या सगळ्या बारकाव्यांसह टिपायच्या होत्या. त्यांच्या कितीतरी काचा दहा इंच बाय बारा इंच एवढ्या मोठ्या आहेत. त्यांनी हलके सामान निवडले नाही, कामाला योग्य असे सामान निवडले.

नोकरी सांभाळून त्यांनी आपला हात बसवला. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्या भेटीची छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळ यांना मिळाली. पुढे सर लेपेल ग्रिफिन हे अधिकारी बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर निघाले. त्यांनी दीनदयाळ यांना बरोबर नेले. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहोची मंदिरे अशी चित्रे तयार झाली. पण ही मालिका अपुरी आहे, असे दीनदयाळ यांना वाटत होते. ती पूर्ण करण्यासाठी त्यांनी नोकरीतून दोन वर्षांची रजा घेतली. १८८६ साली मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवर ग्रिफिन यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील छायाचित्रे दीनदयाळ यांची होती.

आता त्यांच्यापुढे एक मोठा प्रश्न उभा राहिला. नोकरी पक्की होती, पगार ठरलेला होता. छायाचित्रणात मात्र आज काम आहे, उद्याचा भरवसा नाही. वय चाळिशीच्या पुढे गेले होते. घरी बायकामुले होती. अशा वेळी आपण असतो तर काय केले असते? दीनदयाळ यांनी खूप आधी हौस म्हणून कॅमेरा घेतला होता, पण हौसेच्या भरात त्यांनी नोकरी सोडली नाही. सुमारे दहा वर्षे ते शिकत राहिले. हात तयार झाला, लोकांचा विश्वास बसला, तेव्हाच त्यांनी नोकरीचा निरोप घेतला. १८८५ साली हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. नंतर ते सिकंदराबादला येऊन राहिले.

हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना आपल्या दरबारात छायाचित्रकार नेमले. राजवाडे, मेजवान्या, शिकार, फौजेची कवायत, पाहुण्यांच्या भेटी अशी असंख्य छायाचित्रे दीनदयाळ यांनी घेतली. महबूब अली खान स्वतः 'आसिफ' या तखल्लुसने उर्दूत शायरी करीत. दीनदयाळ यांच्या कलेवर खूश होऊन त्यांनी एक शेर रचला, असे सांगतात. १८९४ साली त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब मिळाला.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे दीनदयाळ यांचा कॅमेरा आपल्याकडेही आला. वेरूळची लेणी, दौलताबादचा चाँद मिनार, तेव्हाच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील बीबी का मकबरा, यांची चित्रे त्यांनी घेतली. १८९९-१९०० मध्ये मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी राज्यात लोकांच्या मदतीसाठी जी कामे चालू होती, त्यांचीही छायाचित्रे त्यांच्या संग्रहात आहेत. राजेरजवाड्यांना सुंदर दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने भुकेल्या माणसांचे दिवसही नोंदवून ठेवले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दीनदयाळ यांनी आणखी एक अडचण ओळखली. त्या काळी अनेक घराण्यांतील स्त्रिया पडदा पाळीत. परक्या पुरुषासमोर बसून चित्र काढून घेणे त्यांना शक्य नव्हते. मग त्यांची चित्रे कोण काढणार? १८९२ साली दीनदयाळ यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ सुरू केला. तेथे छायाचित्रे घेण्याचे काम एक इंग्रज बाई पाहत. स्त्रियांना तेथे निर्धास्तपणे येता येई. केवळ चांगले यंत्र असून भागत नाही, समोरच्या माणसाचा संकोचही समजून घ्यावा लागतो, हे दीनदयाळ जाणत होते.

काळ बदलत होता. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा बाजारात आल्या. आता जागेवरच काच ओली करण्याची गरज उरली नाही. चित्रही झटकन घेता येऊ लागले. दीनदयाळ यांनी हे नवे तंत्रही आपलेसे केले. जुने येते म्हणून ते जुन्यावरच अडून बसले नाहीत. १८९६ साली त्यांनी मुंबईत मोठा स्टुडिओ उघडला. ज्ञानचंद आणि धरमचंद हे त्यांचे मुलगेही याच व्यवसायात होते. ५ जुलै १९०५ रोजी मुंबईत राजा दीनदयाळ यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर त्या काचांचे काय झाले? काच ती, एका धक्क्याने फुटणारी. पण त्यातील पुष्कळ काचा टिकल्या. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचा विकत घेऊन जतन केल्या. २००६ साली भारत सरकारने राजा दीनदयाळ यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे किल्ले, माणसे आणि पोशाख कसे होते, हे आज आपल्याला या काचांमुळे कळते.

मित्रांनो, आता आपण पुन्हा आपल्या प्रश्नाकडे वळू. कोणता कॅमेरा घ्यावा? दीनदयाळ यांचे आयुष्य सांगते, की आधी काय टिपायचे ते ठरवा, मग सामान निवडा. तोपर्यंत जे हाताशी आहे, त्यावर हात बसवा. दीनदयाळ यांना प्रत्येक काचेसाठी एवढे कष्ट पडत, की झाकण काढण्याआधी ते नीट पाहून, विचार करूनच उभे राहत असणार. आपल्याला कष्ट पडत नाहीत, म्हणून आपण पाहायचेच विसरतो.

एक छोटासा प्रयोग करून पाहा. तुमच्या गावात एखादी जुनी वेस, मशीद, देऊळ, दर्गा किंवा वाडा असेल. सकाळी तेथे जा. ऊन कोणत्या बाजूने येते, सावली कोठे पडते, ते पाहा. पाहून झाल्यावर एकच फोटो काढा. संध्याकाळी त्याच जागी उभे राहून आणखी एक काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवा. भिंत तीच, कॅमेरा तोच, तरी चित्रे वेगळी दिसतील. हा फरक ज्याला दिसू लागला, त्याचे शिक्षण सुरू झाले असे समजा.