आकाशातील थर शोधणारे ॲपल्टन

रात्री मिडियम वेव्हवर दूरचे रेडिओ केंद्र तुम्ही कधी ऐकले आहे का? आवाज स्वच्छ येत असतो आणि एकाएकी मंद होतो. थोड्या वेळाने आपोआप पुन्हा मोठा होतो. माझे आजोबा रात्री उर्दू सर्व्हिस ऐकत. आवाज विरला की ते रेडिओला एक थाप मारत! बिचाऱ्या रेडिओचा त्यात काहीच दोष नव्हता. आवाज का विरतो, हे प्रयोगाने दाखवून दिले एडवर्ड ॲपल्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी.

ॲपल्टन यांचा जन्म ६ सप्टेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या शहरात झाला. वडील गोदामात नोकरी करत. मुलगा हुशार होता. शिष्यवृत्ती मिळवून तो केंब्रिजला शिकायला गेला. शिक्षण संपते न संपते तोच पहिले महायुद्ध सुरू झाले. ॲपल्टन सैन्यात गेले. तेथे त्यांचा बिनतारी संदेशांशी संबंध आला. हे संदेश मध्येच क्षीण का होतात, या प्रश्नाने त्यांच्या मनात घर केले.

त्याआधी, १९०१ साली, मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापार बिनतारी संदेश पाठवला होता. पृथ्वी तर गोल आहे. मग लहरी सरळ अवकाशात निघून का गेल्या नाहीत? १९०२ साली केनेली आणि हेविसाइड या दोघांनी सुचवले, की खूप उंचावर विद्युतभार असलेला हवेचा थर असावा आणि तो लहरींना खाली परतवत असावा. पण याला थेट पुरावा नव्हता. वीस वर्षे ती कल्पनाच राहिली.

ॲपल्टन यांनी असा विचार केला : केंद्रातून एक लहर जमिनीलगत येते. दुसरी वर जाते आणि थरावरून परत येते. एरियलवर दोघींची गाठ पडते. उंचवट्यावर उंचवटा आला, तर आवाज वाढतो. उंचवट्यावर खळगा आला, तर आवाज विरतो. रात्री थराची स्थिती बदलत राहते, म्हणून आवाजही बदलतो. दिवसा वरची लहर वाटेतच शोषली जाते, म्हणून आवाज स्थिर असतो. इतरांना जी कटकट वाटत होती, तीच ॲपल्टन यांना पुरावा वाटली!

११ डिसेंबर १९२४ च्या रात्री, नेहमीचे कार्यक्रम संपल्यावर, बोर्नमथ येथील बीबीसीचे केंद्र या प्रयोगासाठी सुरू ठेवले गेले. ॲपल्टन आणि त्यांचे न्यूझीलंडचे विद्यार्थी माइल्स बार्नेट ऑक्सफर्डला बसले होते. केंद्राची तरंगलांबी हळूहळू बदलण्यात आली. तसतसा आवाज क्रमाने वाढू आणि विरू लागला. असे किती वेळा झाले ते मोजले, की दोन वाटांच्या लांबीतील फरक कळतो. त्यावरून थराची उंची निघाली : सुमारे ९० किलोमीटर.

पण लहर खरोखर वरूनच येत होती कशावरून? यासाठी त्यांनी दोन प्रकारच्या एरियलची तुलना केली. एक उभी तार, दुसरी तारेची चौकट. उभ्या तारेला जमिनीलगतची लहर चांगली मिळते. तिरकी उतरणारी लहर मात्र कमी मिळते. केंद्राच्या दिशेने धरलेल्या चौकटीला दोन्ही लहरी चांगल्या मिळतात. म्हणून चौकटीवर आवाज जास्त विरतो. या फरकावरून लहर कोणत्या कोनातून उतरते, तेही काढता येते. किती साधी युक्ती!

पुढे त्यांना आणखी वर, दोनशे किलोमीटरांच्याही पलीकडे, दुसरा थर सापडला. पहिल्या थराला त्यांनी ‘ई’ हे अक्षर दिले होते, दुसऱ्याला ‘एफ’ दिले. आधीची अक्षरे रिकामी ठेवली. न जाणो, खाली आणखी थर सापडले तर! आज आपण या भागाला आयनांबर म्हणतो. १९४७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९४९ पासून ते एडिनबरो विद्यापीठाचे प्रमुख होते. २१ एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

आजोबांचे केंद्र फार दूरचे होते. तेथून जमिनीलगतची लहर पोहोचतच नाही. वरून वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरीच एकमेकींना भिडतात. त्यांचा जुना ट्रान्झिस्टर मी एकदा उघडून पाहिला. आत तांब्याची बारीक तार गुंडाळलेली एक काळी कांडी होती. मिडियम वेव्हसाठी तेच त्याचे एरियल, ॲपल्टन यांच्या चौकटीच्याच जातीचे.