हिणकस नाण्यांना आळा घालणारे माधवराव

थोरले माधवराव पेशवे म्हटले की राक्षसभुवनची लढाई, हैदर अलीवरील स्वाऱ्या आणि रामशास्त्री प्रभुणे यांची न्यायनिष्ठा आठवते. हिणकस नाण्यांविरुद्ध त्यांनी उचललेले पाऊल मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

१७४५ मध्ये जन्मलेल्या माधवरावांना पेशवेपदाची वस्त्रे १७६१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी मिळाली. पानिपतचा घाव ताजा होता, वडील नानासाहेब निवर्तले होते आणि दौलतीवर कर्जाचा डोंगर होता. चुलते रघुनाथराव यांच्याशी कलह सुरू असतानाच त्यांनी १७६३ मध्ये निजामाचा पराभव केला.

त्या काळी सोनार व सावकार सरकारी परवाना घेऊन टांकसाळी चालवीत. रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचे असे; चांदीचा कस मात्र टांकसाळीगणिक निराळा. सोलापूरहून विजापूरमार्गे दक्षिणेला गेले की लागणाऱ्या बागलकोटला मल्हार भिकाजी रास्ते यांच्या नावाचा मल्हारशाही रुपया पडे. एकाच बाजारात असे नाना तऱ्हेचे रुपये फिरत आणि सराफ कस पाहून बट्टा कापून घेत. चांदीत तांबे मिसळणाऱ्याचा नफा होई. तोटा मात्र धान्य विकून सारा भरणाऱ्या रयतेच्या पदरी पडे.

१७६४ मध्ये माधवरावांनी हैदरकडून धारवाड जिंकले. त्या मुलखातील जमीनदार आपापल्या टांकसाळीत हिणकस होन, मोहरा व रुपये पाडीत होते. १७६५ मध्ये माधवरावांनी या टांकसाळी बंद करून धारवाडला एकच मध्यवर्ती टांकसाळ स्थापण्याचा हुकूम दिला. तिजोरी रिकामी झाली की नाण्यात हीण मिसळावे, हा राज्यकर्त्यांचा जुना मार्ग. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यानेही १५४० च्या दशकात तोच पत्करला होता. कर्जबाजारी दौलतीच्या तरुण पेशव्याने धारवाडात नेमकी उलट वाट धरली.

परंतु आयुष्याने साथ दिली नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. अखेरच्या दिवसांतही त्यांना कर्जफेडीचीच चिंता होती. त्यांच्या पश्चातही नाना तऱ्हेचे रुपये आणि बट्टा कायम राहिला. कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकाच वजनाचा व कसाचा रुपया आणला तो १८३५ मध्ये, धारवाडच्या हुकुमानंतर सत्तर वर्षांनी.