धान्याचे दुकान ते रानातील शेत : जॉन म्यूर यांच्या घराण्याची कथा

पोटापाण्यासाठी मूळ गाव सोडून परमुलखात जाणे ही गोष्ट व्यापारी समाजाला नवी नाही. प्रत्येक घराण्यात अशी एखादी कथा असतेच. परंतु कधी कधी पित्याने मिळविलेल्या भूमीतून पुत्र निराळेच धन घेऊन बाहेर पडतो. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या चळवळीचे अध्वर्यू जॉन म्यूर यांच्या घराण्याची कथा अशीच आहे.

जॉन यांचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील डॅनियल म्यूर लहानपणीच पोरके झाले होते. काही काळ सैन्यात काढून पुढे त्यांनी डनबार येथे धान्याच्या दुकानात जम बसविला. दुकान चांगले चाले. परंतु स्वभाव करारी आणि धर्माचरणाविषयीची मते अत्यंत कठोर. आपल्या मनासारखा धर्म पाळता येईल अशा नव्या भूमीची त्यांना ओढ लागली. फेब्रुवारी १८४९ मधील एका रात्री, उद्याच अमेरिकेस निघायचे आहे, असे त्यांनी मुलांना सांगितले. सारा, जॉन आणि डेव्हिड या तिघांना घेऊन ते निघाले. पत्नी अ‍ॅन व इतर मुले घर उभे राहीपर्यंत मागे राहिली. निरोप देताना आजोबांनी जॉनच्या हाती सोन्याचे नाणे ठेवले.

मूळ बेत कॅनडास जाण्याचा होता. परंतु तेथील घनदाट अरण्य तोडण्यातच उमर सरते, असे सहप्रवाशांकडून समजले. बफेलो येथील एका धान्य व्यापाऱ्याकडून, बाजारात येणारा बहुतेक गहू विस्कॉन्सिनचा असल्याचेही कळले. व्यापाऱ्याचा सल्ला व्यापाऱ्याला पटला. मोफत जमीन देणारा होमस्टेड कायदा १८६२ साली आला. त्याच्या कितीतरी आधीच डॅनियल यांनी पोर्टेज गावाजवळ, एका तळ्याकाठी ८० एकर रान घेतले. त्या जागेला फाउंटन लेक असे नाव मिळाले.

तराजू धरणारे हात आता कुऱ्हाड आणि नांगर धरू लागले. जॉन बाराव्या वर्षी नांगर हाकू लागले; तेव्हा त्यांचे डोके नांगराच्या मुठींच्या जेमतेम वर येत असे. वडिलांचा वेळ पुढे धर्मग्रंथांच्या अभ्यासात व प्रवचनांत जाऊ लागला आणि शेतीचा भार मुलांवर पडला. आजारपणातही सुट्टी नसे आणि चुकीला छडीचा मार ठरलेला असे. मुलांची लाडकी घोडी नॉब हिला वडिलांनी धर्मसभेला वेळेवर पोहोचण्यासाठी उन्हातून, वाळूच्या वाटेने पळवले. ती आजारी पडून तडफडत मेली. मुक्या जिवालाही आपल्यासारख्याच वेदना होतात, हा धडा जॉन यांना तेथे मिळाला व तो ते जन्मभर विसरले नाहीत.

जमिनीचा हिशेबही असाच होता. नव्याने फोडलेल्या रानात एकरी २० ते २५ बुशेल, म्हणजे साडेपाच ते पावणेसात क्विंटल गहू येई. चार-पाच वर्षांतच तो पाच-सहा बुशेलवर, म्हणजे जेमतेम दीड क्विंटलवर आला. व्याज समजून मुद्दलच खाल्ले गेले होते. या भूमीवर पूर्वी मूळ आदिवासी जमातींचा वावर होता. शेती करणाऱ्यांचाच जमिनीवर अधिकार, असे डॅनियल म्हणत. त्यावर, अधिक कुशल शेतकरी आला तर हाच न्याय आपल्यालाही लागू होईल, असे एका शेजाऱ्याने त्यांना सुनावले. हा वादही बालक जॉन यांच्या मनात कायमचा राहिला.

आठ वर्षांच्या कष्टाने शेत, कुंपण, घर, कोठार सारे उभे राहिले आणि मग वडिलांनी चार-पाच मैलांवर ३२० एकर नवे रान घेतले. हिकरी हिल नावाच्या या शेतावर पाणी नव्हते. जॉन यांना रोज विहिरीत उतरवून छिन्नी-हातोड्याने खडक फोडावयास लावले गेले. ८० फुटांवर विषारी वायूने ते बेशुद्ध होत आले आणि कसेबसे वर काढले गेले. थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा त्यांनाच उतरावे लागले. ९० फुटांवर पाणी लागले.

१८६० साली स्वतः घडविलेली लाकडी घड्याळे घेऊन जॉन घराबाहेर पडले. वडिलांनी मदत नाकारली. खिशात आजोबांचे ते नाणे धरून सुमारे १५ डॉलर होते. तळ्याकाठचे कुरण विकत घेऊन, कुंपण घालून जसेच्या तसे राखावे, अशी त्यांची इच्छा होती. ती आप्तांनी मानली नाही. १८६७ साली कारखान्यातील अपघातात दृष्टी जाता जाता वाचली. त्यानंतर त्यांनी आयुष्य निसर्गालाच वाहिले. १८६८ मध्ये ते कॅलिफोर्नियास पोहोचले. १८८० मध्ये विवाहानंतर सासऱ्यांच्या फळबागा सांभाळून त्यांनी उत्तम पैसाही मिळविला. म्हणजे व्यवहार त्यांना कळत नव्हता असे नाही.

मुलाचे लेखन वडिलांना कधीच रुचले नाही. तरीही १८८५ मध्ये वडिलांचा अंतकाळ जवळ आल्याचे मनात येताच जॉन निघाले, भावंडांना गोळा केले आणि कॅन्सस सिटी येथे अखेरच्या क्षणी पित्याजवळ राहिले. कटुता त्यांनी मनात ठेवली नाही.

त्यांच्या लेखनाचा योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या निर्मितीत, १८९० साली, मोठा वाटा होता. १८९२ मध्ये सिएरा क्लब स्थापन झाला. ते त्याचे पहिले अध्यक्ष होते. १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांच्यासमवेत योसेमिटीच्या रानात मुक्काम केला. १९१३ मध्ये हेच हेची खोऱ्यातील धरणाविरुद्धचा लढा मात्र ते हरले. २४ डिसेंबर १९१४ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या तळ्याकाठचे कुरण त्यांना विकत घेता आले नाही, तेथे आज त्यांच्याच नावाचे उद्यान आहे. पित्याने रान फोडून संसार उभा केला आणि त्याच रानात वाढलेल्या पुत्राने रान राखण्याचे व्रत घेतले. पुढील पिढीच्या हाती मुद्दल शाबूत सोपविणे हाच खरा वारसा होय, हे या घराण्याच्या कथेतून प्रत्येक कर्त्या पुरुषाने ध्यानी घेण्याजोगे आहे.