समुद्रतळाचा वाचक : सर जॉन मरे

सर जॉन मरे ह्यांचा जन्म ३ मार्च १८४१ रोजीं कॅनडांतील कोबर्ग गांवीं एका स्कॉटिश कुटुंबांत झाला. वयाच्या सतराव्या वर्षीं ते शिक्षणासाठीं स्कॉटलंडास आले. एडिंबरो विद्यापीठांत त्यांनीं अनेक विषयांचें अध्ययन केलें. परंतु परीक्षांची त्यांस गोडी नव्हती, व पदवी त्यांनीं घेतली नाहीं. १८६८ सालीं देवमाशांची शिकार करणाऱ्या एका जहाजावर वैद्य म्हणून ते उत्तर ध्रुवाकडील समुद्रांत जाऊन आले, आणि सागराचा छंद त्यांस लागला तो जन्माचा.

१८७२ च्या डिसेंबरांत 'चॅलेंजर' नांवाचें ब्रिटिश जहाज महासागरांच्या संशोधनास निघालें. आधीं नेमलेल्या एका शास्त्रज्ञानें माघार घेतल्यामुळें मरे ह्यांस त्यावर जागा मिळाली. सुमारें साडेतीन वर्षें हें जहाज फिरत होतें. ठिकठिकाणीं दोन-तीन मैल लांबीचे दोर सोडून तळचा गाळ वर काढीत. सूक्ष्मदर्शकाखालीं त्या गाळांत वाळूच्या कणाएवढीं असंख्य चुन्याचीं कवचें दिसत. हीं 'फोरामिनिफेरा' नामक एकपेशीय जीवांचीं घरें होत.

हे जीव राहतात तरी कोठें? ते तळाशींच राहतात, असें मोहिमेचे प्रमुख वायव्हिल थॉमसन ह्यांचें मत होतें. मरे ह्यांनीं वारंवार बारीक जाळें पाण्याच्या पृष्ठभागाजवळून ओढून पाहिलें, तों तेच जीव तेथें जिवंत सांपडले! उष्ण समुद्रांत एक जाती, थंड समुद्रांत दुसऱ्या. आणि वरच्या पाण्यांत ज्या जाती, त्यांचींच कवचें तळाशीं. म्हणजे हे जीव वर जगतात व मेल्यावर त्यांचीं कवचें खालीं पडतात. वरिष्ठांचें मत खोडून काढणें नाजूक काम. परंतु थॉमसन ह्यांनीं पुरावा पाहून आपलें मत मोकळ्या मनानें बदललें.

१८८२ सालीं थॉमसन वारले, व मोहिमेच्या अहवालाचा भार मरे ह्यांच्यावर आला. प्रसंगीं पदरचे पैसे घालून त्यांनीं १८९५ पर्यंत त्याचे ५० खंड पुरे केले. १८९८ सालीं त्यांस 'सर' हा किताब मिळाला. १६ मार्च १९१४ रोजीं एडिंबरोजवळ मोटार उलटून त्यांचा अंत झाला.

त्यांच्या शोधाचें पुरें मोल मागाहून कळलें. गाळ थरावर थर सांचतो. खालचा थर जुना. ज्या काळीं वरचें पाणी थंड, त्या काळच्या थरांत थंडींतल्या जातींचीं कवचें. १९३५ सालीं जर्मन शास्त्रज्ञ शॉट ह्यांनीं अटलांटिकच्या गाळांत उष्ण पाण्यांतील एक जात एका थरांतून नाहींशी झालेली दाखविली. तो थर हिमयुगाचा होता. १९५५ सालीं एमिलियानी ह्यांनीं कवचांतील प्राणवायूच्या हलक्या व जड अणूंचें प्रमाण मोजून हिमयुगांचीं आवर्तनें मांडलीं.

मरे ह्यांनीं मागें ठेवलेल्या द्रव्यांतूनच १९३३-३४ सालीं 'मबाहिस' हें इजिप्शियन जहाज आपल्या अरबी समुद्रांत संशोधनास आलें. नैऋत्येचे मोसमी वारे जोरानें वाहिले कीं अरबस्तानच्या किनाऱ्याशीं खोलांतील थंड पाणी वर येतें, व 'ग्लोबिजेरिना बुलॉयडिस' ही जात विपुल वाढते. तिचीं कवचें मोजून हजारों वर्षांपूर्वींचा पावसाळा कसा होता, ह्याचा अदमास शास्त्रज्ञ आज करितात.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षा चुकविण्यास आधार म्हणून हें चरित्र कोणीं पुढें करूं नये. जहाज परतल्यावर एकोणीस वर्षें एकच काम नेटानें तडीस नेणें, ही परीक्षा कांहीं लहान नव्हे. आणि तींत मरे उत्तीर्ण झाले.