ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स, येशूसंघी

ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेत एखादे संतचरित्र असावे, अशी समितीची इच्छा होती. आम्ही संताचे नव्हे, तर एका कवीचे चरित्र निवडले आहे. ज्या मंडळींच्या घरी मराठीतून प्रार्थना होते, त्यांनी फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ऋण मानावे हे योग्यच होय. परंतु आम्हांस त्यांची आठवण दुसऱ्याही एका कारणाने होत असते. ज्या देशात ते वाढले, तेथे तो काळ धर्मवादाच्या चोपड्यांचा होता. त्यांचे जिवलग त्या वादापायी तुरुंगात गेले, त्याच वादात पडलेले त्यांचे संघबंधू फासावर चढले. आणि हा गृहस्थ गोव्यास येऊन ओव्या रचीत बसला. हे रणांगण सोडून जाणे होते काय, हा प्रश्न सेमिनरीत असल्यापासून आमच्या मनात घर करून होता.

स्टीफन्स ह्यांचा जन्म सुमारे १५४९ साली विल्टशर परगण्यातील बुश्टन गावी झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. शिक्षण विंचेस्टर येथील विद्यालयात झाले. ते सुमारे दहा वर्षांचे होईतो इंग्लंडचा राजधर्म दोनदा पालटला होता. मेरी राणीच्या अमदानीत पावणेतीनशेच्या आसपास प्रॉटेस्टंट जिवंत जाळले गेले. पुढे एलिझाबेथ राणीच्या अमदानीत कॅथोलिक पाद्री फासावर जाऊ लागले. आम्ही कॅथोलिक लोक दुसरी गोष्ट आवडीने सांगतो व पहिली गिळून टाकतो, म्हणून दोन्ही एकत्र लिहिल्या आहेत.

तारुण्यात त्यांची थॉमस पाउंड नामक एका धनाढ्य सरदारपुत्राशी मैत्री जडली. हा पाउंड राणीच्या दरबारातील नावाजलेला नर्तक. एकदा नाताळाच्या दिवसांत राणीसमोर नाचताना तो घसरून पडला, तेव्हा राणीने त्यास लाथ मारून बैल म्हणून हिणविले, अशी कथा आहे. त्या दिवसापासून दरबारावरून त्याचे मन उडाले व ते धर्माकडे वळले. स्टीफन्स त्याचा चाकर असल्याचे सोंग घेऊन त्याच्यासमवेत गावोगाव हिंडत असत. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात शिरण्याचा बेत केला. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटेच गेले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी रोम येथे संघात प्रवेश केला. तेथे गेल्यावर ते मित्रास विसरले नाहीत. तुरुंगातल्या पाउंडासही संघात घ्यावे म्हणून त्यांनी संघाच्या जनरलांकडे रदबदली केली, आणि १५७८ च्या डिसेंबरात ती मान्य झाली.

आता त्या चोपड्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. १५८० साली फादर एडमंड कँपियन हे येशूसंघी गुप्तपणे इंग्लंडात उतरले. आपण पकडले गेल्यास लोकांत खोट्या कंड्या पिकतील, म्हणून आपल्या येण्याचा हेतू सांगणारे व विद्वानांस वादास पाचारण करणारे एक पत्र त्यांनी आगाऊ लिहून ठेविले. अटकेनंतरच ते उघड करावयाचे होते. पत्राची एक प्रत ठेवावयास दिली ती तुरुंगातील पाउंडाजवळ! त्याच्याने राहवले नाही. त्याने ते वाचले, दुसऱ्यास दाखविले, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या नकला हातोहात देशभर फिरू लागल्या. चार्क व हॅनमर ह्या दोघा प्रॉटेस्टंट पंडितांनी उत्तरादाखल पुस्तके छापली. त्यांवर कँपियन ह्यांचे सहकारी फादर पार्सन्स ह्यांनी गुप्त छापखान्यातून प्रत्युत्तर दिले. स्वतः पाउंडाने सहा मुद्द्यांचे एक पत्रक लिहिले, तर क्रौली नामक पंडिताने त्याचेही खंडन छापले. पुढल्या वर्षी कँपियन ह्यांची दहा कारणांची लॅटिन पुस्तिका स्टोनर येथील एका वाड्यात चोरून छापण्यात आली व २७ जून १५८१ रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी देवळातील बाकांवर तिच्या प्रती आढळल्या. त्यानंतर विसाव्या दिवशी कँपियन पकडले गेले. १ डिसेंबर रोजी टायबर्न येथे त्यांस देहान्त शिक्षा झाली. १९७० साली ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले. पाउंडाने सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढली. तो १६१५ साली वारला.

शिक्षा केवळ कॅथोलिकांनाच होत असे, असे मात्र समजू नये. राणीने एका कॅथोलिक फ्रेंच राजपुत्राशी विवाह करू नये, असे पत्रक लिहिल्याबद्दल जॉन स्टब्स नामक कट्टर प्रॉटेस्टंट वकिलाचा उजवा हात ३ नोव्हेंबर १५७९ रोजी भर लोकांत तोडण्यात आला.

ही तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण बरोबर एका आठवड्यानंतर, १० नोव्हेंबर रोजी, स्टीफन्स ह्यांनी गोव्याहून वडिलांस पत्र लिहिले. ४ एप्रिलला लिस्बन सोडून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले होते. त्या पत्रात वारे, प्रवाह, मासे, समुद्रपक्षी, खलाशांचे आजार, सारे बारकाईने वर्णिले आहे. पुढे १५९९ साली हकल्यूट ह्यांनी ते आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापिले, आणि अशा रीतीने कॅथोलिक पाद्र्याचे पत्र प्रॉटेस्टंट इंग्लंडने मोठ्या आवडीने वाचले.

गोव्यात ते सुमारे चाळीस वर्षे राहिले, बहुतेक काळ सासष्टीत. (आमच्या वाचकांनी घोटाळा करू नये, ही गोव्याची सासष्टी, आपली साष्टी नव्हे.) तेथे शांतता होती असे मुळीच नाही. सासष्टीतील देवळे पोर्तुगीजांनी पाडिली होती व १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन बसले होते. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार संघबंधू ग्रामस्थांकडून मारले गेले. त्यांचे देह परत मिळविण्याच्या कामी स्टीफन्स होते असे सांगतात. कुंकळीच्या प्रमुख गावकरांस बोलणी करावयास म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी चौकशीवाचून ठार केले, हेही त्याच इतिहासाचे पान होय. त्याच साली न्यूबेरी, फिच इत्यादी चार इंग्रज कैदी म्हणून गोव्यास आणले गेले. ज्या राणीच्या राज्यात पाउंड कोठडीत होता, तिचेच हे प्रजाजन. तरी स्टीफन्स ह्यांनी खटपट करून त्यांस जामिनावर सोडविले. त्याच वर्षी पॅरिस येथील आपल्या भावास लिहिताना इकडील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते, असे त्यांनी कळविले. ही गोष्ट युरोपातील पंडितांच्या नीट ध्यानात यावयास आणखी दोनशे वर्षे लागली.

आता मुख्य गोष्ट. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच ग्रंथ कसा जन्मास आला, ते कवीने सांगितले आहे. सासष्टीतील नवख्रिस्ती मंडळींस पाद्री उपदेश करीत असता एका ब्राह्मणाने तक्रार मांडली, की आमची जुनी पुराणे तर तुम्ही बंद केलीत, मग मन रमावयास त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? विचार केल्यास हा आरोपच होता, आणि खरा होता. इंग्लंडात अशा आरोपास महिन्याच्या आत खंडनाचे पुस्तक आले असते. स्टीफन्स ह्यांनी श्रोत्याची मागणी मान्य केली व ती पुरी करण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घातली. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीछंदात, पहिले पुराण छत्तीस अवस्वरांचे व दुसरे एकोणसाठ अवस्वरांचे, मिळून सुमारे अकरा हजार ओव्या झाल्या. ग्रंथ १६१६ साली राचोल, म्हणजेच रायतूर येथे छापला गेला. देवनागरी खिळे नसल्याने मराठी ओव्या रोमन लिपीत उतरविल्या गेल्या. मध्येच श्रोता प्रश्न विचारतो, शंका काढतो, आणि पाद्री त्यास कथेतूनच उत्तर देतो. वाद आहे, पण तो समोर बसलेल्या माणसाशी आहे.

मूर्तिपूजेवर त्यांनी टीका केली नाही, असे आम्ही म्हणणार नाही; ती आहे, आणि आज वाचताना काही ठिकाणी टोचते. तथापि त्यांच्यामागून फ्रेंच येशूसंघी एत्यें द ला क्रुआ ह्यांनी १६२९ ते १६३४ ह्या काळात संत पेत्रावर जो मराठी ओवीग्रंथ छापिला, त्यात हिंदूंच्या कथांचे खंडन मोठ्या आवेशाने केले आहे. ओवी तीच, भाषा तीच. त्यातली एखादी ओवी पाठ असलेला माणूस आम्हांस आजवर भेटला नाही.

आमच्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात मराठी मिस्सेच्या वेळेवरून निनावी पत्रके निघाली होती. आम्ही त्यांस व्यासपीठावरून उत्तर दिले, मग त्या उत्तरास उत्तर आले, आणि असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मराठी मिस्सेस माणसे निम्मी होती. तेव्हा आम्ही ख्रिस्तपुराणाचा पहिला अवस्वर पुन्हा काढून वाचला, आणि स्टीफन्स पळून आले होते काय, हा प्रश्न विचारणे सोडून दिले.

फादर स्टीफन्स १६१९ साली गोव्यातच निवर्तले. इंग्लंडास ते पुन्हा कधी गेले नाहीत. त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरी १६२२ साली व कोंकणीचे व्याकरण १६४० साली, मृत्यूनंतर, राचोल येथेच छापले गेले. पुराणाच्या १६४९ व १६५४ साली आणखी आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली गोव्याच्या सरकारने देशी भाषेच्या वापरावर बंदी घातली, तरी हस्तलिखिते घरोघर राहिली. गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ती बरोबर नेली व उपवासकाळात गायिली. तिकडील हस्तलिखितांवरूनच १९०७ साली सालढाणा ह्यांनी मंगळूर येथे पुराण पुन्हा छापिले. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. देवनागरीतील एक जुने हस्तलिखित मात्र मार्सडेन ह्यांच्या संग्रहातून लंडनच्या प्राच्यविद्यालयात गेले असून ते तेथे आहे. ज्या शहरी थोरल्या स्टीफन्सांस गोव्याचे पहिले पत्र मिळाले, त्याच शहरी.